हळदीआधीच्या मुंडावळ्या

"मॅडम, पंखा बंद करा ना."

पेशंटचं हे पहिलं वाक्य. महिना मे. डोंबिवली पूर्वेला माझं क्लिनिक आहे, जुन्या इमारतीच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर. तिथे मे महिन्यात पंखा बंद करायला सांगणारा माणूस एक तर तापाने फणफणलेला असतो, नाही तर त्याचं डोकं फिरलेलं असतं. ह्याचं दोन्हींपैकी काहीच नव्हतं. सत्तावीस-अठ्ठावीसचा, जिमला जाणारा, दारातून आडवा शिरावा असा मुलगा. नाव रोशन. नाकातोंडावर पांढरा रुमाल बांधलेला. फक्त डोळे दिसत होते आणि ते भेदरलेले होते.

मी पंखा बंद केला. त्याने रुमाल सोडला.

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे. लोकांची कातडी बघण्यात माझा जन्म गेला. माझी नातवंडं म्हणतात, आजी माणसाचं तोंड बघत नाही, साल बघते. तरी त्या दिवशी माझा पेन धरलेला हात टेबलावरच राहिला. कपाळापासून हनुवटीपर्यंत चेहरा लालभडक, भाजल्यासारखा चकचकीत आणि ताणलेला. नाकाच्या दोन्ही बाजूंना पापुद्रे सुटलेले. गालांवर बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं, कुणी लाल पेनाने रेघोट्या माराव्यात तसं.

"पाणी लागलं तरी जळतं," तो म्हणाला. "हवा लागली तरी जळतं. उशीवर गाल टेकता येत नाय."

बरोबर आईवडील होते. वडील दत्ताशेठ, दिवा स्टेशनच्या पलीकडच्या गावातले, रेती-सिमेंटचे सप्लायर. आई गुलाबताई. त्यांनी पदर हातात गोळा करून धरला होता.

"लगीन हाय डाक्टरीन बाय," त्या म्हणाल्या. "सव्वा महिन्यावर."

मी रोशनला विचारलं, "तोंडाला काय लावत होतास?"

"काय नाय."

"फेसवॉश?"

"तो तर सगळेच लावतात."

"आणि?"

"काय नाय, मॅडम." हे म्हणताना त्याचा हात पँटच्या खिशावर गेला.

"खिशातलं काढ."

शेपटीपर्यंत गुंडाळत आणलेली एक ट्यूब टेबलावर आली. मी नाव वाचलं. नायट्यासाठी म्हणून विकतात ते तीन औषधांचं मिश्रण, आणि त्यातलं एक कडक स्टिरॉइड. मेडिकलमध्ये मागितली की मिळते, आणि काही ठिकाणी न मागताही मिळते. जिममधल्या मित्राने सांगितलं होतं, दाढीनंतर लाव, रंग उजळतो. रंग खरंच उजळला. मग साखरपुड्यात नवरीकडची कुणी आत्या म्हणाली, "मुलगा फोटोत होता त्याच्यापेक्षा सावळाच आहे हो." त्या दिवसापासून ट्यूब दोन वेळा.

"कधीपासून?"

"दोन वर्षं झाली असतील," रोशन खाली बघत म्हणाला.

दत्ताशेठ ट्यूबकडे बघत राहिले. त्यांना बहुतेक दारूची सवय ऐकायची तयारी होती, ह्याची नव्हती.

स्टिरॉइड हे वाईट औषध नाही. योग्य जागी, थोडे दिवस, डॉक्टरच्या नजरेखाली वापरलं तर जीव वाचवतं. पण चेहऱ्यावर रोज लावलं की कातडी पातळ होत जाते. लाली दबते, माणूस खूश होतो. बंद केलं की दबलेलं सगळं दुपटीने उसळतं. मग घाबरून पुन्हा लावायचं. हे व्यसनच. बाटलीच्या जागी ट्यूब, एवढाच फरक.

तरुणपणी मी स्वतःला फार मोठी जादूगारीण समजायचे. कल्याणला पहिला दवाखाना काढला तेव्हा माझं रूप बघण्यासारखं होतं. कडक स्टार्चची साडी, रुपयाएवढं कुंकू, आणि वय जास्त दिसावं म्हणून बिननंबरचा चष्मा. पेशंटने उलट प्रश्न विचारला की बाईंचा अपमान व्हायचा. मॉइश्चरायझर लिहून देणारे डॉक्टर मला बिचारे वाटायचे, ह्यांना दुसरं काही येत नसावं अशी माझी खात्री होती. पुढे एका परिषदेत सिरामाइडवर, म्हणजे कातडीतल्या एका स्निग्ध द्रव्यावर, भाषण ठेवलेलं, तेव्हा ही विदुषी जेवणाच्या मंडपात गुलाबजामच्या रांगेत पहिल्या नंबरावर उभी होती. गुलाबजाम छान होते. सिरामाइड मला नंतर स्वतःचं स्वतः वाचावं लागलं.

"मॅडम," दत्ताशेठ खुर्ची पुढे ओढत म्हणाले, "तुम्ही एक इंजेक्शन मारून टाका. नायतर ह्याच्याहून भारी ट्यूब द्या. लग्नापुरतं. मग पुढचं पुढं बघू."

इथे मला भीती वाटायला लागली. कारण ते म्हणत होते ते अशक्य नव्हतं. अजून कडक स्टिरॉइड दिलं असतं तर चेहरा निवला असता, फोटो झकास आले असते, शेठनी शालनारळ देऊन माझा सत्कार केला असता. आणि लग्नानंतर दोनेक महिन्यांत हा मुलगा आजच्याहून वाईट चेहरा घेऊन नव्या बायकोसमोर उभा राहिला असता. तेव्हा मग दबवायलाही काही उरलं नसतं.

"शेठ," मी म्हटलं, "कातडीचा सगळ्यात वरचा थर म्हणजे एक भिंत समजा. पेशी म्हणजे विटा."

"आणि सिमेंट?" त्यांनी लगेच विचारलं. धंद्याचा विषय निघाल्यावर माणूस कसा सरळ बसतो बघा.

"विटांच्या मधे तेलकट पदार्थांचं मिश्रण असतं, ते सिमेंट. त्यात सगळ्यात महत्त्वाचा माल म्हणजे सिरामाइड. जोडीला कोलेस्टेरॉल आणि फॅटी ॲसिड."

"कोलेस्टेरॉल तर मला पण हाय."

"तुमचं रक्तात आहे. ह्याच्या गालात पाहिजे." मी पुढे सांगितलं, "ही भिंत आतलं पाणी बाहेर जाऊ देत नाही आणि बाहेरची घाण आत येऊ देत नाही. आम्ही तिला स्किन बॅरियर म्हणतो. ह्याच्या भिंतीतलं सिमेंट गेलंय. नुसत्या विटा एकीवर एक उभ्या आहेत. म्हणून वारा आला तरी आतपर्यंत झोंबतो."

शेठनी मुलाच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मला वाटतं, आल्यापासून पहिल्यांदाच नीट पाहिलं.

"म्हणजे माल बाहेरून आणून भरायचा."

"बरोबर. सिरामाइडचं क्रीम. आणि भरत असताना भिंतीला दुसरं काही म्हणजे काही लावायचं नाही."

"ओल्या प्लास्टरवर रंग मारला की पोपडे येतात," शेठ पुटपुटले. "किती टाइम लागंल?"

"पूर्ण भरायला महिने. सव्वा महिन्यात हा पंख्याखाली बसला तर मी पेढे वाटीन. आणि आत्ताच सांगते, बरं व्हायच्या आधी वाढणार आहे."

गुलाबताईंचा पदर डोळ्यांकडे गेला.

मी जे लिहून दिलं ते बघून तिघांचाही विरस झाला. ट्यूब बंद. फेसवॉश बंद, नुसतं गार पाणी. दाह कमी करायला काही दिवस गोळ्या आणि स्टिरॉइड नसलेलं एक मलम. उन्हात टोपी. आणि दिवसातून चार-पाच वेळा, चेहरा किंचित ओला असतानाच, सिरामाइडचं क्रीम. चोळायचं नाही, थोपटत बसवायचं. हे रोशनसाठी होतं. वाचणाऱ्यांनी ह्यावरून स्वतःची डॉक्टरकी करू नये. कुणाची भिंत कशाने पडली आहे ते बघितल्याशिवाय कळत नाही.

क्रीम पांढरं, मिळमिळीत, दह्यासारखं. रोशनने हुंगून पाहिलं.

"वासपण नाय ह्याला."

"सुगंधी क्रीम आता तुझं शत्रू. लाव इथेच, माझ्यासमोर."

त्याने गालाला बोट लावलं आणि खुर्चीतून उडालाच. "मॅडम, जळतंय! आई गं, जळतंय!"

इतक्या उघड्या पडलेल्या कातडीला साधं क्रीमसुद्धा पहिल्यांदा झोंबतं. हे मला पाठ होतं. पण झोंबणं वेगळं आणि ॲलर्जी वेगळी, आणि पहिल्या दोन-तीन मिनिटांत दोन्ही सारखीच दिसतात. मी त्याच्या पापण्यांकडे, ओठांकडे बघत बसले. सूज येतेय का? गांधी उठतायत का? बाहेर ताटकळलेले पेशंट मुद्दाम मोठ्याने खोकत होते. मी चेहरा मख्ख ठेवला होता आणि ॲलर्जीच्या इंजेक्शनचा खण टेबलाखाली एका हाताने उघडून ठेवला होता. मग त्याचे खांदे हळूहळू खाली आले.

"आता कमी आहे," तो म्हणाला.

"मला माहीत होतं," मी म्हटलं. डॉक्टरांना असं म्हणावं लागतं.

साधारण आठवड्याने गुलाबताईंचा फोन आला. दुपारची वेळ, मी ताटावर बसले होते.

"डाक्टरीन बाय, पोराचं तोंड सुजलंय. एक डोला उघडत नाय. आन तो गच्चीवर जाऊन बसलाय. हाका मारल्या तरी खाली येत नाय."

मी ताट बाजूला सारलं. भडका उडणार हे मीच सांगितलं होतं. गच्चीचं मला कुणी सांगितलं नव्हतं.

"त्याच्याजवळ कुणी आहे?"

"बापूस उभा हाय जिन्यात."

"फोन रोशनकडे द्या. आणि जिन्यातून कुणी हलू नका."

जिने चढल्याचे, दार ढकलल्याचे आवाज आले. मग रोशनचा जड आवाज.

"गच्चीवर कशाला बसलास रे?"

"खाली आरसा आहे," तो म्हणाला. "मॅडम, नवरीचे, अंकिताचे व्हिडिओ कॉल येतायत. मी उचलत नाय. तिला वाटतंय माझी दुसरी कोण आहे."

"वडिलांबरोबर खाली उतर. तसाच गाडीत बस आणि माझ्याकडे ये. आत्ता."

त्यांची गाडी येईपर्यंत मी क्लिनिकच्या खिडकीत उभी होते. सूज जंतूंमुळे असेल तर? भिंत पडलेल्या घरात चोर शिरतात तसे उघड्या कातडीत जंतू शिरतात, आणि डोळ्याच्या आसपास शिरले तर हॉस्पिटलच गाठावं लागतं. आणि सूज जंतूंची नसेल, पण पोरगाच गच्चीवरून परत खाली यायला तयार नसेल, तर मी काय लिहून देणार होते?

तो आला. मी दिवा लावून इंच इंच तपासलं. ताप नाही, पू नाही, पाण्याचे फोड नाहीत. सूज ट्यूब बंद झाल्याचीच होती. एक भीती कमी झाली. दुसरीसाठी मी दत्ताशेठना बाहेर बसवलं आणि रोशनला सरळ विचारलं, "जीव द्यावासा वाटतो का?" हे आडून विचारलं की उत्तरही आडूनच मिळतं.

तो दचकला. "नाय मॅडम. तसं नाय. फक्त कुणाला दिसू नये असं वाटतं."

"तसं वाटायला लागलं तर रात्र असो, दिवस असो, आधी मला फोन. कबूल?"

"कबूल." मग बराच वेळ त्याने बोटं मोडली. "एक सांगू? गाडीच्या डिकीत नवीन ट्यूब आहे."

"लावलीस?"

"अजून नाय."

त्या 'अजून'ने मला घाम फुटला.

"एकदाच मॅडम. फक्त लग्नाच्या दिवशी. प्रॉमिस."

कल्याणची ती कुंकवाची बाई इथे असती तर तिने चष्मा सारखा करून त्याला खडसावलं असतं. 'ऐकायचं नसेल तर दुसरा डॉक्टर बघा' हे तिचं आवडतं वाक्य. आणि पोरगा घरी जाऊन निमूट ट्यूब लावून मोकळा झाला असता. म्हातारपणाचा एक फायदा आहे, माणसाला रुबाबाचा कंटाळा येतो.

"मला पण भीती वाटतेय, रोशन," मी म्हटलं.

"तुम्हाला कशाची?"

"तू घरी जाऊन ट्यूब लावशील ह्याची. नाही लावलीस तरी लग्नापर्यंत चेहरा किती निवेल हे मला सांगता येत नाही, ह्याची. मी फक्त एवढं सांगू शकते की ट्यूब लावलीस तर पुढे काय होणार ते मला नक्की माहीत आहे."

तो उठला. खाली गेला, वर आला, आणि खोक्यासकट ट्यूब टेबलावर ठेवली.

"आता अंकिताला फोन कर. व्हिडिओ."

"इथं?"

"इथंच. पंखा बंदच आहे."

फोन लागला. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायचं नाटक केलं. पलीकडून अंकिता आधी रागातच 'हॅलो' म्हणाली. मग, "अरे, हे काय झालं तुला?"

रोशनने सांगितलं. अडखळत, पण सगळं. आत्याचं वाक्यसुद्धा.

"म्हणजे दुसरी कोण नाय?"

"नाय गं. ट्यूब आहे."

"येड्या! मी कधी म्हटलेलं तुला गोरा हो म्हणून? आणि त्या आत्याला मी आवडत नाय, तू काय आवडणार?" मग आवाज बारीक झाला. "दुखतंय का खूप?"

तो रडला. अश्रूंनी गाल झोंबले म्हणून आणखी रडला. मी गॉझ ओला करून त्याच्या हातात दिला.

त्यानंतर उतार पडू लागला. आज थोडा, उद्या पुन्हा एक पाऊल मागे. डोळा उघडला. पापुद्रे गळाले. लाल रंगाचा गुलाबी झाला. एके दिवशी तो आत आला आणि छताकडे बघत म्हणाला, "मॅडम, पंखा दोनवर चालेल." मी खरोखरच पेढे मागवले. गुलाबताईंनी एक तोंडात टाकला आणि म्हणाल्या, "हलदीला यायचं हां डाक्टरीन बाय. सगला गाव असतो."

मी पेढ्यांचा बॉक्स खाली ठेवला.

मी साबणाचं विचारलं होतं. उन्हाचं, उशीचं, दाढीचं विचारलं होतं. हळदीचं डोक्यातच आलं नव्हतं. आमच्या डोंबिवलीतल्या हॉलच्या लग्नात हळद म्हणजे पाच सवाष्णी, आंब्याचं पान, दोन बोटं, झालं. रोशनचं घर आगरी. तिथे हळद लग्नाहून मोठी. मांडवात आलेला प्रत्येक माणूस नवऱ्याला हळद फासणार आणि ती तोंडालाच फासणार. हळद, तेल, वर कुणी अत्तर ओतणार. ओल्या प्लास्टरवर सगळ्या गावाचे हात.

"चेहऱ्याला नको लावू द्या," मी म्हटलं.

दत्ताशेठ कसनुसं हसले. "मॅडम, माझ्या चुलतभावाला, बाळ्याला, कोन थांबवनार? नवरा वळखू येत नाय असा रंगवतो तो. दर लग्नाला. मी नाय बोललो तर गावात काय होईल? शेठच्या पोराला रोग हाय म्हणतील. पोरीकडचे ऐकतील."

"कुणाचंच ऐकत नाहीत का लोक?"

नवराबायकोने एकमेकांकडे पाहिलं. "हिरायचं ऐकतात," गुलाबताई म्हणाल्या.

हिराय म्हणजे गावची धवलारीण. आगरी लग्नात जुनी गाणी, धवले, गात गात एकेक विधी करून घेणारी बाई. भटजी येतो आणि जातो, शब्द हिचा चालतो. मी त्यांच्या घरी जाऊन तिला भेटले. नऊवारी घट्ट नेसलेली, सुकटासारखी बारीक, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी.

"तुमचे घरान हलद लावतात का?" तिने मलाच विचारलं.

"लावतात."

"मंग? हलदीनं कुनाचा वाईट झालाय?"

"चांगल्या कातडीचं नाही होत. ह्याच्या तोंडाला कातडीच उरलेली नाही, हिराय. आत्ता कुठे नवीन धरतेय."

तिने रोशनची हनुवटी धरून खिडकीकडे वळवली. खूप वेळ बघितलं. गालावरच्या लाल रेघांवरून हवेतच बोट फिरवलं, टेकवलं नाही. मग उठली, चपला घातल्या.

"बघू," म्हणाली आणि गेली.

ह्या 'बघू'वर मी काय समजायचं? हळदीच्या संध्याकाळी मी बॅग भरली. गॉझ, सलाइनची बाटली, बर्फाच्या डब्यात क्रीम. माझी मुलगी म्हणाली, "आई, पेशंटच्या हळदीला असं हत्यारं घेऊन कोण जातं?" मी म्हटलं, ज्याला झोप लागत नाही तो जातो.

खाडीच्या बाजूच्या मैदानात मांडव होता. बेंजो, डीजे, मटणाच्या पातेल्यांचा वास, पिवळे कपडे घातलेली शेकडो माणसं. रोशन पाटावर बसला होता, बनियनवर. समोर हळदीची पितळी परात. मी कशीबशी पुढच्या खुर्चीपर्यंत पोचले. बायकांनी त्याच्या पायांना हळद लावायला सुरुवात केली आणि तेवढ्यात पलीकडून आरोळी उठली.

"बाळ्याशेठ आला!"

पोट सुटलेला, गळ्यात जाड साखळी घातलेला बाळ्या नाचतच आला. परातीत दोन्ही हात मनगटापर्यंत बुडवले. ओंजळीतून हळद गळत होती. लोकांनी मोबाइल वर केले. रोशनने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. रुमालाच्या वर पहिल्या दिवशी दिसले होते तेच डोळे.

मी उठले. "थांबा!" ओरडले. डीजेपुढे माझा आवाज माझ्याच कानांना ऐकू आला नाही. मधल्या बायकांना ओलांडून जायला वाट नव्हती. बाळ्याचे हात रोशनच्या गालांपासून वीतभर राहिले.

आणि डीजे बंद पडला.

हिरायने हात वर केला होता. ती गायला लागते तेव्हा डीजे बंद, हा तिथला नियम. "बाल्या, हाय तिथंच थांब," ती म्हणाली. कमरेच्या पिशवीतून तिने मोत्यांच्या मुंडावळ्या काढल्या, रोशनच्या कपाळाला बांधल्या, आणि धवला गायला लागली. बाळ्या ओंजळ तशीच धरून उभा. गाणं संपल्यावर तिने सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं सांगितलं, "मुंडावल्या बांधल्या. आता नवरा देव झाला. देवाचे तोंडाला हात लावाचा नाय. गल्याचे खाली लावा, काय लावाचं ते."

"हलदीच्या आधी मुंडावल्या?" बाळ्या म्हणाला. "ही कुठची रीत, हिराय?"

"तुझे बापाचे लग्नान धवला मी गायला. तवा तू कुठं व्हतास?"

मांडव हसला. बाळ्याने मदतीसाठी इकडेतिकडे पाहिलं. पुढच्या रांगेतल्या एका पांढऱ्या टोपीवाल्या आजोबांनी गंभीरपणे मान हलवली. "बराबर हाय. आमचे आजाचे टायमाला आसाच व्हता." मी शपथेवर सांगते, त्या आजोबांना ते त्याच क्षणी आठवलं होतं.

बाळ्याने ओंजळ छातीवर रिकामी केली. मग गाव तुटून पडला. गळ्याखाली रोशन पिवळा पुतळा झाला, वर गुलाबी तोंड आणि मोत्यांच्या लडी. कुणाचा तरी हात घसरून जबड्यावर हळदीचा एक फराटा उमटला. मी बायकांच्या मधून अक्षरशः रांगत जाऊन सलाइनच्या गॉझने तो टिपला. तेवढ्यानेसुद्धा बोटभर लाल वळ उठला. त्या बोटभर वळाकडे बघताना सबंध चेहऱ्याचं काय झालं असतं ते मला दिसलं. मी तिथेच पाटाजवळ बसून राहिले. लोकांना वाटलं, डॉक्टरीण बाईंना नवऱ्याचा फार लळा.

जेवणं सुरू होईपर्यंत वळ मावळला. हिराय माझ्या शेजारी येऊन टेकली.

"देवाचे नावानं खोटं बोलाय लावलं मला," ती म्हणाली. तिने पाय पुढे केला. टाचेला बोट जाईल एवढ्या भेगा. "आता त्या पोराचा शिमिट माझे टाचंला पन द्या."

दिलं.

रोशनचं लग्न झालं. फोटोत तो जरा गुलाबीच आहे. चेहरा पूर्ण निवायला पुढची दिवाळी उलटली. गालांवरच्या काही लाल रेघा राहिल्या, त्या सिरामाइडने जात नाहीत, आणि ते मी त्याला आधीच सांगितलं होतं. रंग म्हणाल तर होता तेवढाच सावळा झाला. अंकिता म्हणाली, "मी ह्यालाच पसंत केलेला, तो आता कुठे परत आला."

सिरामाइडने भिंत भरते हे मी पुस्तकात वाचलं, उशिरा का होईना. भरेपर्यंत तिच्यावर पहारा कुणी ठेवायचा, हे मात्र प्रत्येक घरी जाऊन विचारावं लागतं. आता मी पेशंटला साबण विचारते तशी घरातली कार्यंही विचारते.

पुढच्या वर्षी बाळ्याशेठच्या मुलाची हळद होती. मलाही बोलावणं आलं. ह्या मुलाचा चेहरा ठणठणीत, साधी पुटकुळी नाही. तरी परात आली आणि हिरायने पहिल्यांदा त्याच्या कपाळाला मुंडावळ्या बांधल्या. शेजारी रोशन उभा होता, कुणाचा हात गळ्याच्या वर गेला की फटका मारत.

मी बाळ्याशेठना हळूच विचारलं, "हळदीआधी मुंडावळ्या?"

त्यांनी माझ्याकडे दयेने पाहिलं.

"तुम्हाला नाय माहीत डाक्टरीन बाय," ते म्हणाले. "आमची लय जुनी रीत हाय ती."